लेकीच्या तारा आणि दोन डॉक्टर

लेकीचा वरचा सुळा हिरडीत उंचावरच अडकला होता. नेहमीच्या डेंटिस्टनी किडलेली दाढ भरली, दात साफ केले आणि सरळ सांगितलं, "तारा मी लावणार नाही, ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा." हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. डेंटिस्टची पदवी झाल्यावर ही ऑर्थोडॉन्टिस्ट मंडळी वाकडे दात आणि जबडा जागेवर आणायचं आणखी २-३ वर्षं शिकतात. ते कामात दिसतं. आधी बाजूने चेहऱ्याचा एक्स-रे, दातांचे साचे, मगच तार. दर भेटीला डॉक्टर चिमट्याने तार केसभर वाकवायचे, लावून बघायचे, परत काढायचे. घाई अजिबात नाही. सुळा आता ओळीत आलाय! वेटिंगला मात्र तासभर धरूनच चला. तारांभोवती अन्न अडकतं, म्हणून साफसफाईला अजूनही जुन्या डॉक्टरांकडेच जातो.