कंत्राटदार नोंदणी नूतनीकरणाची सल्लागार सेवा : अनुभव आणि एक आक्षेप

सार्वजनिक बांधकाम विभागाकडील कंत्राटदार नोंदणीचे नूतनीकरण करून देणारी सल्लागार कार्यालये आता जिल्ह्याच्या गावी सहज सापडतात. सोलापुरातील अशाच एका कार्यालयाची सेवा मी मागील नूतनीकरणापासून घेत आहे. रस्त्यांची व शासकीय इमारतींची लहान-मध्यम कामे करणाऱ्यांना निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण माझा मुख्य आक्षेप ज्या प्रथेवर आहे ती या व्यवसायात सर्रास चालते आणि त्यासाठी एकालाच धारेवर धरणे न्याय्य होणार नाही.

नूतनीकरणाचा अर्ज भरणे हे काम मुळात किरकोळ आहे. खरा वेळ जातो तो अर्जाला जोडायच्या कागदांत. पूर्ण केलेल्या कामांचे दाखले, सनदी लेखापालाचे उलाढालीचे प्रमाणपत्र, बँकेचा ऐपत दाखला आणि यंत्रसामग्रीची यादी यांपैकी शेवटचे दोन पैसा आणि ओळख असली की होतात. कामाच्या दाखल्याचे तसे नाही. काम संपून दोन-तीन वर्षे लोटली की संबंधित कार्यकारी अभियंत्यांची बदली झालेली असते, शाखा अभियंता दुसऱ्या उपविभागात गेलेला असतो आणि मोजमाप पुस्तिका शोधण्यातच आठवडे जातात. या कार्यालयाची सर्वांत चांगली पद्धत इथेच दिसते. अंतिम देयक निघाल्याचे कळताच ते दाखल्याचा मसुदा करून देतात, त्यातील कामाचे नाव व रक्कम करारनाम्याशी ताडून पाहतात आणि सही होऊन दाखला येईपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी फाईल जवळजवळ तयारच होती. उलाढालीच्या प्रमाणपत्रावरील अठरा अंकी यूडीआयएन (प्रमाणपत्र खरे आहे की नाही ते पडताळण्याचा) क्रमांकही त्यांनी सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर तपासून घेतला. २०१९ पासून प्रमाणपत्रांवर हा क्रमांक सक्तीचा आहे, तरीही तो प्रत्यक्ष पडताळून पाहणारे मला फार कमी भेटले आहेत.

वर्षभराच्या कायदेशीर पूर्ततेचे कामही समाधानकारक आहे. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो, म्हणून हजेरीपट महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच मागवला जातो. त्याहून उपयोगी ठरले ते वस्तू व सेवा कराच्या उद्गम कपातीकडे त्यांनी दिलेले लक्ष. अडीच लाख रुपयांपेक्षा मोठ्या करारावर शासकीय कार्यालय देयकातून दोन टक्के कापते. ही रक्कम कंत्राटदाराने वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याखेरीज त्याच्या रोख खातेवहीत जमा होत नाही. कपात झाली म्हणजे पैसे गेले असे समजून गप्प बसणारे कितीतरी कंत्राटदार माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांचे लेखापालही त्यांना काही सांगत नाहीत.

कामगारांच्या बाबतीत मात्र सेवा अर्धवट वाटते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर शासकीय कामात देयकातूनच वळता होतो, त्यामुळे तो भरला गेल्याची पावती जपली की सल्लागाराला आपले कर्तव्य संपले असे वाटते. पण १८ ते ६० वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्यांमध्ये कंत्राटदारही येतो. ज्या मंडळासाठी आपल्या देयकातून पैसे कापले जातात त्याचा लाभ आपल्याच सेंट्रिंगवाल्याला मिळू नये, हे मला पटत नाही. हे दाखले तयार करण्याचे काम सेवेत धरायला हवे होते. शिवाय त्यांच्या छापील तपासणी यादीत अजून १९७० चा कंत्राटी कामगार कायदाच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्यासह जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार लावणाऱ्याला परवाना आवश्यक असून त्याची मुदत पाच वर्षांची आहे. यादी तत्काळ बदलणे हे सल्लागाराचे काम. त्याची आठवण अशिलाने करून द्यावी लागू नये.

आता मुख्य आक्षेप. कार्यालयात भिंतीला लावलेल्या लाकडी फळीवर अशिलांच्या डिजिटल सहीचे टोकन (सहीची गुप्त कळ साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण) नावाच्या चिठ्ठ्या लावून टांगलेले आहेत आणि त्यांचे पिन क्रमांक एका वहीत लिहिलेले आहेत. निविदा भरायला कंत्राटदाराने दर वेळी यावे लागू नये, ही त्यामागील सोय मला समजते. परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार या सहीची खासगी कळ आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी धारकानेच घ्यायची असते, आणि महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर त्या सहीने भरलेला दर माझाच दर ठरतो. एकाच कामाला स्पर्धक म्हणून उतरणाऱ्या दोघांची टोकन शेजारशेजारी लटकत असतील, तर निविदेच्या पाकिटांची गुप्तता कोणाच्या भरवशावर आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. मी माझे टोकन परत घेतले. त्याबद्दल कोणी नाराजी दाखवली नाही, एवढे नमूद करतो.

शुल्काविषयी थोडक्यात. आमच्या भागात निव्वळ कर विवरणपत्रांसाठी लेखापाल जेवढे घेतात त्याच्या साधारण दीडपट वार्षिक आकारणी आहे आणि मिळणारे काम पाहता ती जास्त वाटत नाही. मात्र पावतीवर शासकीय शुल्क, मुद्रांक आणि त्यांचा मेहनताना एकाच आकड्यात येतो, हे हिशेबाच्या दृष्टीने गैरसोयीचे आहे.

दाखल्यांच्या पाठपुराव्यासाठी मी ही सेवा पुढेही चालू ठेवली आहे. टोकन माझ्याकडे राहील आणि पावतीत शासकीय शुल्क वेगळे दाखवले जाईल, अशा दोन अटी मी घातल्या होत्या. पहिली त्यांनी लगेच लेखी मान्य केली. दुसरीबद्दल ‘संगणकात तशी सोय नाही’ असे उत्तर मिळाले आहे.