मोठ्यांविना चोवीस तास : गिरणारे परिसरातील एका निवासी शिबिराचे परीक्षण

एप्रिल उजाडला की नाशिकमध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती गंगापूर रोडवरच्या फलकांपासून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत सर्वत्र झळकू लागतात. बहुतेकांचा मजकूर ठरलेला असतो : हस्ताक्षर, स्केटिंग, नृत्य, वैदिक गणित. ज्या शिबिराविषयी येथे लिहीत आहे, त्याचे आकर्षण मात्र वेगळे आहे. चार दिवसांच्या या निवासी शिबिरात मधले सलग चोवीस तास मुलांसोबत एकही मोठा माणूस नसतो, आणि एवढ्याच बळावर आयोजक 'नेतृत्वगुणांच्या विकासा'ची हमी देतात. आयोजकांचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या भांडणांचे वर्णन येणार आहे ती खऱ्या मुलांची भांडणे आहेत आणि नावावरून तुकडी व तुकडीवरून मूल ओळखणे आपल्या शहरात मुळीच अवघड नाही.

माझी मुलगी आधीच्या तुकडीला जाऊन आली होती. आयोजक प्रत्येक तुकडीत दोन पालकांना निरीक्षक म्हणून येऊ देतात, मात्र स्वतःचे मूल ज्या तुकडीत असेल तेथे नाही. हा नियम अत्यंत योग्य आहे, आणि त्यामुळेच मला परक्या मुलांकडे जरा तटस्थपणे पाहता आले.

जागा गिरणारे ओलांडून काश्यपी धरणाच्या बाजूला, आंब्याच्या एका बागेत आहे. शुल्क साडेचार हजार रुपये असून त्या मानाने व्यवस्था चोख आहे. तंबू कोरडे, स्वच्छतागृहे खरोखर स्वच्छ, विहिरीला कठडा आणि वर लोखंडी जाळी, आणि मुक्कामाला एक प्रशिक्षित परिचारिका. जेवण साधे व उत्तम असते. नागलीची भाकरी घरी नाकारणारी मुले पिठल्याबरोबर ती मागून घेत होती, यावरून काय ते समजावे. दहा ते तेरा वयोगटातील चोवीस मुले-मुली, त्यांचे बारा-बारांचे दोन गट, प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारी बारा वाजता हे ताई-दादा बागेच्या टोकाला असलेल्या घरात निघून जातात. त्यानंतर पाणी भरणे, सरपण गोळा करणे, दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, राखण, सारे मुलांकडे.

'एकही मोठा माणूस नसतो' हे अर्थातच पूर्ण खरे नाही, आणि ते नसणेच बरे. नाशिक तालुक्याच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. रात्री मुलांना खरोखर एकटे सोडणे हा गुन्हाच ठरला असता. अंधार पडल्यावर चार कार्यकर्ते तंबूंपासून थोड्या अंतरावर चारही बाजूंना झोपतात. आग, पाणी, इजा आणि रात्र या चार बाबतींत मोठे विनाविलंब मध्ये पडतील, असे पालकांच्या संमतीपत्रात स्वच्छ लिहिलेले आहे. बाकी कशातही मध्ये पडायचे नाही, हा नियम कार्यकर्त्यांनी कसोशीने पाळला. दोन मुलांची झटापट सुरू असताना हात मागे बांधून उभे राहणे सोपे नसते, हे मी शेजारी उभा राहून पाहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. देवळालीचे तोफखाना केंद्र, महाराष्ट्र पोलीस अकादमी आणि १९३७ साली सुरू झालेली भोसला सैनिकी शाळा ज्या शहरात आहे, तेथील पालकांच्या मनात नेतृत्व म्हटले की खणखणीत आवाजातील आज्ञा उभी राहावी, हे स्वाभाविक आहे. शिबिरातही पहिल्या गटाच्या दादाने हीच कल्पना धरून उंचापुरा, मोठ्या आवाजाचा एक मुलगा गटप्रमुख नेमला, कामांची यादी स्वतः केली आणि दीड दिवस शिट्टीवर गट चालवला. तो गट देखणा दिसत होता. रांगा सरळ, ताटे ओळीने, तंबूचे दोर ताणलेले. दुसऱ्या गटाच्या ताईने मात्र प्रमुख नेमलाच नाही. कामे कोणती ती सांगितली आणि वाटणी तुम्हीच करा म्हणाली. मुलांनी त्यावर पहिली संध्याकाळ अक्षरशः वाद घालण्यात घालवली. चकून राज्य ठरवावे तशी भांडी घासण्याची पाळी ठरली, सर्वांत लहान मुलाला लिंबूटिंबू करून सरपणातून सूट मिळाली, आणि ही सूट अन्यायाची आहे म्हणून तो लहानगाच रुसला.

बारा वाजता मोठे निघून गेले आणि तासाभरात चित्र पालटले. पहिल्या गटातील शिस्त दादाच्या शिट्टीबरोबरच बागेच्या टोकाला निघून गेली होती. गटप्रमुख ओरडत राहिला, चूल पेटेना, मुले एकेक करून आंब्याखाली जाऊन बसली, आणि त्याने चिडून एकाची चप्पल झुडपात भिरकावल्यावर उरलेले तिघेही उठून गेले. दुसऱ्या गटाची खिचडी चार वाजता झाली, खाली लागली होती, पण झाली.

हे पाहून मला आश्चर्य वाटले नाही, कारण कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा येथे साधारण दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे करून नेमके हेच तपासले होते. मुलांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिलेली असत. काही मंडळांचा प्रौढ प्रमुख प्रत्येक पायरी हुकूम देऊन करवून घेई, काहींचा मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी, तर काहींचा अंग काढून घेऊन नुसता उपस्थित राही. हुकूमशाही पद्धतीच्या प्रमुखाने खोलीबाहेर पाऊल टाकले की मंडळाचे काम ढेपाळत असे. विचारविनिमयाची सवय लागलेल्या मंडळात मात्र तो नसतानाही ते बऱ्यापैकी चालू राही. म्हणजे मोठी माणसे निघून गेल्यावर मुले कशी वागतील, याचा मोठा भाग ती असताना कशी वागली होती यावर ठरतो. शिबिराच्या माहितीपत्रकात मोठे नसलेल्या चोवीस तासांची जाहिरात आहे; मी मात्र पालकांना त्याआधीच्या चोवीस तासांची चौकशी करायला सांगेन. दोन गटांना दोन परस्परविरुद्ध पद्धतींनी तयार करणे हा आयोजकांचा हेतू नव्हता. ताई-दादांना कोणतेही समान प्रशिक्षण दिले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि ही या शिबिराची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव गुणफलकाची. दोन्ही गटांना किल्ल्यांची नावे दिलेली, मधोमध मोठा फळा, प्रत्येक कामाला गुण, आणि जिंकणाऱ्या गटाला शेवटच्या रात्री माचणावर झोपण्याचा मान. माचण एकच. परिणाम व्हायचा तोच झाला. तिसऱ्या प्रहरापर्यंत एका गटाने दुसऱ्याचे सरपण पळवले होते आणि दुसऱ्याने नळाला पहारा बसवून पहिल्याला पाणी नाकारले होते. ज्यांच्यापैकी निम्म्यांची आदल्या दिवशी बसमध्ये गट्टी जमली होती, ती मुले आता एकमेकांना किल्ल्याच्या नावाने हाका मारून हिणवत होती. माझ्यासोबतच्या पालक-निरीक्षकांनी खेदाने मान हलवून 'मुलांचा मूळ स्वभावच असा' असे मत दिले. मला ते मान्य नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह उद्यानात बावीस मुलांचे शिबिर भरवून असेच दोन गट पाडले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या, जिंकणाऱ्यांना पदके आणि चाकू देऊ केले, आणि गट एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेले. हा प्रयोग मुलांच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण बक्षीस, गट आणि सामना या तिन्ही गोष्टी तेथे मोठ्यांनीच आणून ठेवलेल्या होत्या. याच्या उलट, १९६५ साली प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपदेशातील एका निवासी शाळेतून होडी घेऊन निघालेली सहा मुले वादळात सापडून आटा या निर्जन बेटावर लागली, तेव्हा त्यांच्यासमोर कोणताही फळा नव्हता. सव्वा वर्ष ती तेथे राहिली. जोड्या करून कामाच्या पाळ्या लावल्या, आग विझू दिली नाही, आणि भांडण झाले की भांडणाऱ्यांनी वेगवेगळ्या दिशांना जाऊन डोके थंड करून यायचे असा शिरस्ता ठेवला. ही मुले आधीपासून एकमेकांचे मित्र होती, हे विसरून चालणार नाही. तरीही आमच्या बागेतल्या माचणाचा विचार करताना मला ती आठवत राहिली.

सायंकाळी घडलेला प्रसंग मात्र शिबिराच्या शुल्काची पुरेपूर वसुली करणारा होता. वैर टोकाला गेल्यावर आयोजकांनी नळाचे पाणी बंद केले. दोन्ही गटांनी मिळून विहिरीवरून पाणी आणावे आणि त्या निमित्ताने सलोखा व्हावा, अशी योजना होती. शेरीफ यांनीही पाण्याच्या टाकीचा पुरवठा अडवून हाच उपाय योजला होता आणि तेथे तो लागू पडला होता. येथे अकरा वर्षांच्या एका मुलीने नळाची वाहिनी चालत चालत मागे तपासली, झुडपाआड बंद केलेला व्हॉल्व्ह शोधला, आणि 'हे यांनीच केलंय' असे जाहीर केले. पाच मिनिटांत दोन्ही गट एक झाले, पण आयोजकांच्या विरोधात. फळा पुसला गेला. त्यावर खडूने निषेधाचा मजकूर लिहिला गेला, त्यातील शुद्धलेखनावरून पुन्हा एक छोटा वाद झाला, आणि रात्रीची आमटी एकाच मोठ्या पातेल्यात शिजली. आयोजकांना शेरीफ यांचा १९५३ चा फसलेला प्रयोगही ठाऊक असता तर हे टळले असते, कारण त्या वेळीही आपल्यात भांडणे लावणारे हात मोठ्यांचेच आहेत असा संशय मुलांना आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला होता. शिबिराच्या समारोपाच्या अहवालात या सायंकाळची नोंद 'गटांमध्ये सहकार्याची भावना निर्माण झाली' अशी आहे. व्हॉल्व्हचा उल्लेख नाही. हा अप्रामाणिकपणा मला चप्पल फेकणाऱ्या मुलाच्या वर्तनाहून अधिक खटकला.

एवढ्यावरून दुसऱ्या गटाची ताई आदर्श आणि पहिल्या गटाचा दादा खलनायक, असे कोणी समजू नये. चर्चेने चालणाऱ्या त्या दुसऱ्या गटात एक अबोल मुलगी होती. तिला कोणी रागावले नाही, ढकलले नाही, तिची वस्तू पळवली नाही. फक्त प्रत्येक वाटणीत तिचे नाव शेवटी यायचे आणि तोवर काम संपलेले असायचे. ती दुपारभर काठीने मातीत रेघा ओढत बसली होती. निरीक्षकांना दिलेल्या तक्त्यात भांडण, मारामारी, रडणे, मदत करणे असे रकाने होते. वगळले जाण्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे कागदावर तो गट निर्दोष ठरला. पहिल्या गटातील फेकलेली चप्पल सर्वांना दिसली आणि रात्री तिच्यावर समेटही झाला. या मुलीच्या बाबतीत समेट करण्याजोगे काही घडलेच नव्हते. मी तक्त्याबाहेर तिच्याविषयी वेगळे टिपण लिहून दिले. त्याचे पुढे काय झाले, ते मला कळवण्यात आलेले नाही.

तिसऱ्या दिवशी जवळच्या पाड्याला भेट असते. ती गाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. पेठ-सुरगाण्याकडील कितीतरी कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात, आणि मागे राहिलेल्या घरांत थोरली बहीण धाकट्यांना सांभाळते; मोठ्यांविना दिवस काढणे ही तिच्यासाठी शुल्क भरून घ्यायची मौज नाही. शहरातील मुलांनी रांगेने जाऊन अशी घरे पाहण्यापेक्षा पाड्यावरची पाच-सहा मुले विनाशुल्क, पूर्ण शिबिरार्थी म्हणून प्रत्येक गटात असावीत. चूल पेटवण्याचा प्रश्न तर सुटेलच, शिवाय नेतृत्व कोणाकडे जाते याचा निकालही बराच वेगळा लागेल.

पाठवावे की नाही, असे विचाराल तर अकरा वर्षांवरील, घराबाहेर राहण्याची थोडी सवय असलेल्या मुलांना पाठवण्यास हरकत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मी समाधानी आहे, जेवणाच्या बाबतीत खूश आहे, आणि मुलांना खरोखर चुकू देण्याचे धैर्य या आयोजकांकडे आहे, जे फार थोड्यांकडे असते. नोंदणीपूर्वी मात्र दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : आपल्या मुलाच्या गटाचा ताई किंवा दादा कोण आणि तो पहिल्या दिवशी काय करतो, तसेच गुणफलक अजून आहे का. माझी मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा जायचे म्हणते आहे. फळा काढला असेल तर मी शुल्क भरेन. नसेल तर नाही, आणि हे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. अंथरुणासाठी घरची वाकळ द्यावी. काश्यपीच्या काठावर मे महिन्यातही पहाटे गारवा असतो, आणि शिबिरातील चादरी पातळ आहेत.