फाइंड अ ग्रेव्ह: खाणगावाच्या दफनभूमीसाठी कितपत पुरतं?

1995 साली सुरू झालेली आणि 2013 पासून वंशावळ शोधायची सेवा देणाऱ्या अ‍ॅन्सेस्ट्रीकडे असलेली कबरींच्या नोंदींची ही मोफत ऑनलाइन सेवा जुन्या दफननोंदी लोकांपर्यंत पोहोचवायला उत्तम आहे. पण मूळ नोंदवही म्हणून तिच्यावर विसंबू नये. एका माणसाला एक पान अशी तिथली मांडणी, आणि पानं अनेकदा कबरीवरच्या दगडाच्या फोटोवरून तयार होतात. खाणगावात तर दगडच नसलेल्या कबरी ढिगाने. लाकडी क्रूस कुजतात, खाली पोखरलेली जमीन खचते, तान्ह्या बाळांच्या कबरीवर अनेकदा खूणही नसते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या डॉसन या कोळसाखाणीच्या गावाचंच बघा. 22 ऑक्टोबर 1913 च्या स्फोटात तिथे 263 जण गेले, 1923 मध्ये पुन्हा मोठा स्फोट झाला. 1950 मध्ये खाण बंद पडली आणि गाव मोडलं. उरली दफनभूमी, पांढऱ्या लोखंडी क्रुसांच्या रांगांसकट. गेलेल्यांत इटली-ग्रीसहून आलेले मजूर बरेच होते. अशा माणसाचं नाव कंपनीच्या यादीत कारकुनाच्या कानाला लागलं तसं, चर्चच्या वहीत वेगळं आणि क्रुसावर तिसरंच असू शकतं. सरळ भरत गेलात तर एकाच माणसाची तीन पानं होतात.

म्हणून आधी स्वतःची एक्सेल शीट करावी. विभाग-रांग-क्रमांक, जसं लिहिलंय तसं नाव, प्रमाण स्पेलिंग (वेगळ्या रकान्यात, मूळ नाव कधीही न खोडता), मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, वय, कारण, स्रोत आणि त्याचं पान. दोन तारखा वेगळ्या ठेवायलाच हव्यात: स्फोटानंतर काही मृतदेह कित्येक दिवसांनी वर येतात, आणि दफनवहीत बऱ्याचदा फक्त पुरल्याची तारीख असते. ‘3/4/1911’ दिसलं की अंदाज बांधू नका. त्याच पानावर 12 च्या वरचा आकडा कुठल्या जागी येतो ते पाहा, क्रम लगेच कळतो. दगडावर ‘वय 34 वर्षे 2 महिने 11 दिवस’ असेल तर जन्मतारीख काढता येते, पण पुढे ‘गणिताने’ असं लिहा.

पुसट अक्षरांसाठी खडू, पीठ, शेव्हिंग फोम किंवा तारेचा ब्रश अजिबात नको, दगड कायमचा खराब होऊ शकतो. आरशाने ऊन कडेने, जवळजवळ दगडाला घासून जाईल असं पाडलं की अक्षरं उठून दिसतात. फोटो दोन: एक जवळून, एक शेजारच्या कबरींसह.

आता सेवेकडे. नावात * (कितीही अक्षरांसाठी) आणि ? (एका अक्षरासाठी) घालून शोधता येतं, मिळतीजुळती स्पेलिंगंही सापडतात. स्थलांतरितांच्या नावांसाठी हे सोन्यासारखं आहे. आई-वडील जोडले की भावंडं आपोआप जुळतात. ठरावीक साच्यातली शीट एकदम चढवता येते. खटकतं ते हे की प्रत्येक तारखेला स्रोत लावायची वेगळी जागा नाही. तो चरित्राच्या मजकुरात कोंबावा लागतो. दुसऱ्याने केलेलं पान चुकीचं असलं तर सुधारणा सुचवायची आणि त्या सांभाळणाऱ्याची वाट बघायची. प्रत्येक कबरीची अचूक जागा मुख्य असेल तर फोटोबरोबर जीपीएस घेणारं बिलियनग्रेव्ह्ज हे अशाच प्रकारचं दुसरं संकेतस्थळ जास्त सोयीचं.

नवं पान करण्याआधी तिन्ही स्पेलिंगांनी शोधा. पान झालं की त्याचा मेमोरियल क्रमांक (त्या पानाचा ओळख-क्रमांक) लगेच आपल्या शीटमध्ये त्या ओळीसमोर टाका, नाहीतर पुढच्या खेपेला तोच माणूस पुन्हा भरला जातो.