मुलूखवार वाचन: जुन्या मराठी पुस्तकांची खरेदी, दिवाळी ते पावसाळा

जुनी, नावाजलेली मराठी पुस्तकं सलग वाचायची असतील तर सनावळीने वाचू नका, मुलखाने वाचा. आपल्या गावापासून सुरुवात करा आणि हळूहळू लांब जा. दिवाळीपासून आम्ही चार घरं हेच करतोय आणि आता पावसाळा सरत आल्यावर मी हे खात्रीने सांगतो. पुस्तक घरी आल्या आल्या त्याचं कौतुक करणं सोपं असतं. शिवण टिकली का, पानं पिवळी पडली का, पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालं का, हे कळायला ते काही महिने हातात वागवावं लागतं.

चार घरं म्हणजे कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं आमचं, शेजारच्या निवृत्त गुरुजींचं, राजारामपुरीतल्या माझ्या चुलत वहिनीचं आणि तिच्या शाळेतल्या एका बाईंचं. ठरलं ते एवढंच: एकच पुस्तक चौघांनी घ्यायचं नाही. प्रत्येकाने वेगळं घ्यायचं, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, नवी खरेदी दाखवायची आणि वाचून झालेलं पुढं द्यायचं. खरेदी कुठं करायची याला बंधन नाही. दसरा चौकात शाहू स्मारक भवनात ग्रंथप्रदर्शन लागलं की आम्ही जातोच, बाकी भाऊसिंगजी रोडची दुकानं आणि जुनी पुस्तकं विकणारे आहेत.

गुरुजींची पहिली यादी सनावळीची होती. बाबा पदमनजींचं १८५७ चं 'यमुनापर्यटन', मग हरिभाऊ आपटे, मग पुढचं शतक. अभ्यासाला ती यादी उत्तम. पण दिवसभर राबून रात्री तासभर वाचणाऱ्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात दीडशे वर्षांपूर्वीचं गद्य ठेवलं तर पुस्तक उशाशी पडून राहतं. वहिनी म्हणाली, "गुरुजी, आधी कागल तरी गाठूया की. पुण्या-मुंबईचं नंतर बघू." गुरुजींना पटलं. त्यांनी त्याच बैठकीत वहीत वाट आखली: कागल, वारणेचं खोरं, माणदेश, घाट उतरून कोकण, मग वऱ्हाड, मग नाशिक-नगर. रणजित देसाईंची 'स्वामी' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' यांना वेगळी जागा दिली नाही. एक लेखक कोवाडचा, दुसरा आजऱ्याचा, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले, आणि ही दोन्ही पुस्तकं चारही घरांत आधीपासूनच होती.

पहिलं घेतलं ते आनंद यादवांचं 'झोंबी', १९८७ चं. कागलच्या शेतकऱ्याचा पोरगा शाळेसाठी बापाशी झुंजतो, ती ही आत्मकथनात्मक कादंबरी. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. माझी आई कागल तालुक्यातली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला बारीक टाइप वाचवत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायला लागलो. थंडीचे दिवस, आजूबाजूला गुऱ्हाळं चालू. दादा, म्हणजे पोराचा बाप, ऊस लवकर गाळायला काढतो, इतरांच्या आधी गूळ बाजारात गेला तर भाव चांगला मिळतो असा त्याचा हिशेब, तो भाग आला. आईने हात वर करून मला थांबवलं. "आमचे आबा उलटं सांगायचे. ऊस रानात उभा राहू दे, रस घट्ट होतो, गूळ जास्त पडतो." मी पुढं वाचलं तर पुस्तकातही नेमका हाच वाद. दुसऱ्या बाजूची माणसं हेच म्हणतात. आईचा चेहरा असा फुलला की त्या रात्री मी ठरवलेल्यापेक्षा दुप्पट पानं वाचली. मध्ये मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, "थांबलास का रं? वाच की पुढं. दत्ताजीरावाकडं गेली का न्हाई मायलेकरं?" दत्ताजीराव म्हणजे पोराच्या शाळेसाठी बापाला समजावू शकेल असा गावातला मोठा माणूस.

मुलखाने वाचण्याचा फायदा हा आहे. पहिल्या पुस्तकातली बोली कानावरची असली की वाचणाऱ्याला धीर येतो. म्हशी राखताना काठीने म्हशीच्या पाठीवर कविता लिहिणारा तो पोरगा आणि चाल लावून कविता शिकवणारे सौंदलगेकर मास्तर, हे सगळं आपल्या ओळखीच्या रानात घडतं. प्रतीबद्दल सांगायचं तर जाडजूड पुस्तक असूनही शिवण-बांधणी असल्यामुळे ते टेबलावर सपाट उघडं राहतं. चार घरं फिरून आलं तरी एक पान सुटलेलं नाही.

त्यानंतर वारणा ओलांडून वाटेगाव, अण्णा भाऊ साठ्यांचं गाव. त्यांची 'फकिरा', १९५९ ची. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला ती अर्पण केलेली आहे. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. खांडेकर तेव्हा कोल्हापुरातच राहत होते, त्यामुळे ती प्रस्तावना आम्हाला घरची वाटली. विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे, तिथं आधी जाऊन आलात तर प्रस्तावना वाचताना माणूस डोळ्यांपुढं राहील. जोगणी (गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी देवीची खूण) आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो तो भाग मी आईला एका बैठकीत वाचून दाखवला. हे पुस्तक मोठ्याने वाचण्यासाठीच आहे. वाक्यं आखूड, घटना वेगाने पुढं सरकतात, आणि ऐकणाऱ्याला शाहिराचा आवाज लगेच ओळखू येतो.

माणदेशासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) शाळेतल्या बाईंनी आणली. पुस्तक लहान, दोन-तीन रात्रींत सहज संपणारं. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरसवदा मास्तर, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, सगळ्यांनी मिळून उभी केलेली तालीम आणि शेवटी दुष्काळात ओस पडणारी वाडी. यातल्या भाषेबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं. माडगूळकर भावना सांगत बसत नाहीत, मेंढरं आणि माती दाखवतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवटाकडे मी घाईने गेलो होतो. आता मोठ्याने वाचताना लक्षात आलं की दुष्काळ फार आधीपासून हळूहळू चालत येतोय, आणि प्रत्येक पानावर एखादी खूण ठेवून जातोय. ज्यांना एकच जुनं पुस्तक घ्यायचंय त्यांना मी हेच सांगेन.

घाट उतरून श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचली. चांगली आहे, वहिनीला तर फार आवडली. माझ्या मनात मात्र त्यापुढची उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घर करून राहिली. वऱ्हाडातली कौतिक, नवऱ्याचा आधार नाही आणि संसार तिनेच ओढायचा. संवाद वऱ्हाडीत. पहिल्या काही पानांवर 'मले', 'तुले' वाचताना माझी जीभ अडखळत होती. आई म्हणाली, "सावकाश वाच, बाई आपलीच हाय." कोल्हापूरपासून निघून कागल, वाटेगाव, माणदेश करत आलो होतो म्हणून ही बोली जड गेली नाही. कान एकेक टप्पा तयार होत आला होता. हेच पुस्तक पहिलं घेतलं असतं तर आमच्यातल्या दोघांनी तरी ते बाजूला ठेवलं असतं, असं गुरुजींचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटतं. शेवटची प्रकरणं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. आईने काही विचारलं नाही.

आता आवृत्त्यांबद्दल, कारण जुनं पुस्तक घेताना निम्मं यश इथंच ठरतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. म्हणून हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांची पुस्तकं आज कुणीही छापू शकतं, आणि बरेच जण छापतात. त्यात फार सुंदर आवृत्त्या आहेत आणि फार वाईटही. आमच्यातल्या एकाने घरपोच मागवलेली एक प्रत जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून छापलेली निघाली. रफार उडालेले, अनुस्वार कुठं आहेत कुठं नाहीत, आणि समासाला चिकटलेली अक्षरं वाचायला पुस्तक मोडेपर्यंत ताणावं लागायचं. परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला. तेव्हापासून दुकानात जाऊन, मधलं एखादं पान पूर्ण वाचून, मगच पैसे देतो. कणा बघायचा: फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवलेले आहेत की नुसते डिंकाने चिकटवलेत. मागचं पान बघायचं: पहिल्या आवृत्तीचं साल दिलंय का, संपादक कोण, टिपा आहेत का.

टिपांचं महत्त्व नाशिक-नगरच्या टप्प्यावर 'स्मृतिचित्रे' वाचताना कळलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, आणि लक्ष्मीबाई गेल्यावर अपुरा राहिलेला शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती घेऊ नका. अशोक देवदत्त टिळकांनी संपादित केलेली टिपांसह आवृत्ती शोधा. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक यांच्या धर्मांतराचा काळ, १८९५ च्या आसपासची माणसं, कोण कुणाचं, हे टिपांमुळे सोपं होतं. बाकी लक्ष्मीबाईंच्या गद्याला कुणाच्या मदतीची गरज नाही. वडिलांच्या सोवळ्याची पानं वाचताना आई आणि शेजारच्या काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि पुढच्याच प्रकरणात दोघी गप्प झाल्या. लग्नानंतर अक्षरओळख झालेली बाई इतकं लिहून गेली, हे आईने नंतर येईल त्याला सांगितलं.

पावसाळ्यात पुस्तकं सांभाळण्याबद्दल थोडक्यात. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या ओलीत पुस्तकाला घट्ट प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी येते. खाकी कागद बरा. कपाट भिंतीला टेकवू नका, पुस्तकं दाटीने कोंबू नका. वेखंड किंवा सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवला तर कसर कमी लागते. नॅचरल शेडच्या, म्हणजे किंचित पिवळसर, कागदावरची पुस्तकं रात्री दिव्याखाली डोळ्यांना सोसवतात, पांढऱ्याशुभ्र कागदाची चमक त्रास देते.

पैशांचाही विचार करायला हवा, सगळंच विकत घेणं जमत नाही. आपल्याकडे भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० साली सुरू झालेलं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मी आधी ग्रंथालयातून आणली. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात, बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, आणि महायुद्ध तोंडावर आलेलं. पुस्तक जेमतेम शे-दीडशे पानांचं, पण संपल्यावर मी ते परत करायला गेलो आणि तसाच पुढं दुकानात जाऊन स्वतःची प्रत घेऊन आलो. पुन्हा वाचावंसं वाटलं तरच विकत घ्यायचं, हा नियम आता चारही घरांनी स्वीकारलाय. मुलखाच्या वाटेत हे पुस्तक कुठंच बसत नाही. गुरुजींनी त्यासाठी वहीत वेगळं पान केलं आणि त्यावर 'समुद्र' असं लिहिलं.

ही पद्धत कुणाला जमेल? ज्यांना बोलीभाषेतलं वाचायला भीती वाटते आणि ज्यांच्या घरात ऐकणारं कुणीतरी आहे, त्यांना नक्की. वाङ्मयाचा इतिहास क्रमाने समजून घ्यायचा असेल तर मात्र गुरुजींची पहिली यादीच धरा, कारण मुलखाने वाचताना कुणाचा प्रभाव कुणावर पडला हे हातून निसटतं. शहरी कादंबरीही मागे राहते. आमच्या वाटेवर मुंबई अजून आलेलीच नाही, आणि नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) कुठं ठेवायची यावर वहिनी आणि गुरुजींचं अजून एकमत नाही. वहिनी म्हणते खानदेशात, गुरुजी म्हणतात पुण्यात.

येत्या दिवाळीपासून महाराष्ट्राबाहेर पडायचं ठरलंय. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' घेणार: कोकणातल्या वरसईचा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तर हिंदुस्थानात जातो आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडतो. इथंही आवृत्ती बघूनच घ्यावी लागेल. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते, नंतर दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते प्रसिद्ध केलं. आम्हाला मूळचंच हवंय, आणि ती प्रत मिळवायचं काम गुरुजींनी अंगावर घेतलंय. बाईंनी 'पण लक्षात कोण घेतो' घ्यायचं ठरवलंय, म्हणजे शेवटी हरिभाऊंपाशी आम्ही पोहोचणारच. वहिनीच्या यादीत 'कोसला' आहे. मी यादवांची 'नांगरणी' घेणार, 'झोंबी'चा पुढचा भाग, कारण आईला त्या पोराचं पुढं काय झालं ते ऐकायचंय. आणि 'नांगरणी'नंतरच्या 'घरभिंती' आणि 'काचवेल'चं नाव मी तिला अजून सांगितलेलं नाही, ती दोन्ही एकदमच आणून दाखवायची आहेत.