सजीवांच्या वर्गीकरणाचा भिंतीवरचा तक्ता : पाया भक्कम, माथा जुना

आठवीच्या वर्गासाठी अप्पा बळवंत चौकातून सजीवांच्या वर्गीकरणाचा मराठी तक्ता ३५० रुपयांना घेतला आणि पहिले सत्र संपेपर्यंत तो रोज वापरला. याच धर्तीचे तक्ते अनेक मुद्रक काढत असल्यामुळे कोणाचेही नाव न घेता, त्यात काय आहे आणि काय नाही, एवढेच नोंदवतो. कागद कापडावर चिकटवलेला असून वर-खाली लाकडी पट्ट्या आहेत, आणि अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता येतात.

तक्त्याचा खालचा अर्धा भाग मनापासून आवडला. सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती ही उतरंड आंब्याच्या उदाहरणाने दाखवली आहे आणि कुलाच्या पायरीवर आंब्याशेजारी काजू व बिब्बा यांची चित्रे आहेत. हे तिन्ही वृक्ष ॲनाकार्डिएसी या एकाच कुलातले. आंब्याचा चीक ओठांवर उततो, काजूच्या टरफलातले तेल बोटे भाजते आणि बिब्बा तर अंगावर फोड आणतो. या तिन्हींमागे एकमेकांशी मिळतीजुळती रसायने आहेत, हे सांगताच ‘कुल’ या शब्दाला मुलांच्या दृष्टीने अर्थ आला. प्राण्यांच्या बाजूला वाघ आणि बिबट्या एका प्रजातीत, तर मांजर त्याच कुलात पण वेगळ्या प्रजातीत दाखवले आहे, तेही बरोबर आहे.

संज्ञांच्या बाबतीत तक्ता पाठ्यपुस्तकाला धरून आहे, याचे विशेष कौतुक वाटते. मॅन्जिफेरा ही प्रजाती आणि इंडिका ही तिच्यातली जाती. लिनियसने १७५३ मध्ये दिलेले हे जोडनाव आजही चालते. आपली वृत्तपत्रे मात्र जातीलाच सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात, त्यामुळे ‘नवी प्रजाती सापडली’ हा मथळा वाचून आलेल्या विद्यार्थ्याची समजूत आधी दुरुस्त करावी लागते.

खरी तक्रार माथ्याबद्दल आहे. कोपऱ्यात ‘अद्ययावत’ असे छापलेला हा तक्ता व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पाच सृष्टींपासून सुरू होतो आणि सृष्टीच्याही वरची पायरी असलेल्या अधिक्षेत्रांचा, म्हणजे डोमेनांचा, त्यात उल्लेखही नाही. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधील आरएनए ताडून पाहताना वूज आणि फॉक्स या शास्त्रज्ञांना १९७७ मध्ये असे आढळले की ज्यांना आपण सरसकट जीवाणू समजत होतो, त्यांतला एक गट मुळातच निराळा आहे; तोच आर्किया. पुढे १९९० मध्ये जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले सजीव) ही तीन अधिक्षेत्रे मांडली गेली. पाचांपैकी प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी या चारही सृष्टी त्यांतल्या दृश्यकेंद्रकी या एकाच अधिक्षेत्रात बसतात, तर तक्त्यावर एकाच चौकटीत कोंबलेली पाचवी मोनेरा सृष्टी, म्हणजे स्पष्ट केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव, उरलेल्या दोहोंत विभागली जाते. त्या चौकटीत ‘मीठप्रिय जीवाणू’ आणि ‘मिथेन तयार करणारे जीवाणू’ अशी नावे छापली आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते खारट पाण्यातल्या आर्कियांमुळे, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला होता; गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही आर्कियाच. इतकी घरची उदाहरणे हाताशी असताना ती चुकीच्या नावाखाली छापली जावीत, याचे वाईट वाटते.

आर्किया आणि दृश्यकेंद्रकी यांचे जवळचे नाते लक्षात घेऊन काही शास्त्रज्ञ आता दोनच अधिक्षेत्रे मानतात. तो वाद शालेय तक्त्यावर यावा अशी अपेक्षा नाही. पाठ्यपुस्तकात पाच सृष्टी आहेत, हा मुद्रकाचा बचाव मान्य केला, तरी माथ्यावर तीन चौकटींची एक पट्टी वाढवायला जागा पुरेशी होती. मी ती ड्रॉइंग पेपरवर काढून वरच्या पट्टीला चिकटवली आणि मोनेरातली दोन नावे पांढऱ्या शाईने खोडली. एवढी खटपट करण्याची तयारी असेल तर आठवीपर्यंत हा तक्ता घ्यावा. अकरावी-बारावीसाठी पैसे घालू नयेत.