‘व्हॅम्पायर फिश’ म्हणून मिळणारा पायारा: घेण्यासारखा आहे का?

दुकानातल्या टाकीवर ‘व्हॅम्पायर फिश’ किंवा ‘व्हॅम्पायर टेट्रा’ अशी चिठ्ठी असते. आत चार-पाच इंचांचे रुपेरी मासे डोकं किंचित खाली करून प्रवाहात तरंगत असतात. त्यातला एखादा तोंड उघडतो, खालच्या जबड्यातले दोन सुळे दिसतात आणि गिऱ्हाईक तिथेच अडकतं. मासा देखणा आहेच. पण एवढं स्पष्ट सांगायला हवं की घरगुती टाकीत इतक्या वेळा फसणारे मोठे शिकारी मासे फार थोडे आहेत, आणि फसण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्या चिठ्ठीपासूनच होते. कारण त्या एका नावाखाली चार वेगवेगळे मासे विकले जातात.

चारही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतले पायारे, हायड्रोलायकस या प्रजातीतले (जीनस), म्हणजे ग्रीक अर्थाने ‘पाण्यातले लांडगे’. आर्मॅटस, स्कॉम्बेरॉइडिस, टाटाउआया आणि वॉलेसी. शेवटच्या दोघांना 1999 साली स्वतंत्र नाव मिळालं. त्याआधीच्या पुस्तकांत यांची बरीच सरमिसळ आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. चौघांनाही कल्ल्याच्या झाकणामागे काळा डाग असतो, त्यामुळे नुसता डाग बघून काही ठरत नाही. शेपटी आणि छातीचे पर बघायचे.

टाटाउआया हे नाव तुपी-ग्वारानी भाषेतलं, अर्थ ‘आगीची शेपटी’. शेपटीचा पर नारिंगी-तांबूस असतो. रंग फिका पडलेला असला तरी मागून उजेड आला की तो कळतो. आर्मॅटसची शेपटी गडद आणि कडेला फिकट, पांढुरकी किनार. स्कॉम्बेरॉइडिसमध्ये काळा डाग छातीच्या पराच्या मुळाशीही उतरलेला दिसतो आणि अंग जास्त रुंद, पोटाकडे भरलेलं वाटतं. वॉलेसी हा रिओ निग्रो आणि वरच्या ओरिनोकोतला मासा. आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्या भागातल्या माशांची चित्रं काढली होती, त्यावरून हे नाव पडलं. बाजारात तो क्वचितच येतो. चार इंचांच्या पिल्लात रंग पुरते उतरलेले नसतात, म्हणून मोबाइलवर कडेने सरळ फोटो काढून, मोठा करून, दुकानाबाहेर शांतपणे पाहा. घाईत ओळख चुकते.

यापेक्षाही खात्रीचा प्रश्न म्हणजे ‘माल कुठल्या नदीतला?’ स्कॉम्बेरॉइडिस फक्त ॲमेझॉन खोऱ्यातला, तोही तापाजोस नदीच्या मुखाच्या वरच्या भागातला. ओरिनोको किंवा गयानातल्या एसेक्विबो नदीतून आलेली खेप असेल तर त्यात तो असण्याचं कारण नाही. तिथून आर्मॅटस किंवा टाटाउआया येणार, क्वचित वॉलेसी. नुसतं ‘कोलंबिया’ हे उत्तर पुरेसं नाही. कोलंबियातून इनिरिदाकडचा माल येतो तो ओरिनोकोचा, आणि लेतिसियाचा येतो तो ॲमेझॉनचा. पेरूमधल्या इकितोसची खेप असेल तर स्कॉम्बेरॉइडिस धरूनच चाला. हे उत्तर देऊ शकणारा दुकानदार आयातदाराची पावती बघतो, आणि अशाच दुकानातून घ्यावं.

एवढी चिकित्सा कशासाठी? तर स्कॉम्बेरॉइडिस टाकीत एक फुटाच्या आसपास येऊन थांबतो आणि वर्ष-दोन वर्षांत जातो, असा जगभरच्या हौशी लोकांचा अनुभव आहे. वरून काही बिघडलेलं दिसत नाही. खातो, पोहतो, आणि एके दिवशी तळाशी असतो. आर्मॅटस जास्त तग धरतो, पण तो नदीत मीटरभराच्या पुढे जाणारा मासा. व्हेनेझुएलातल्या पाराग्वा नदीवर, उराइमा धबधब्याजवळ 1996 साली गळाला लागलेला विक्रमी पायारा 17.8 किलोचा होता. टाटाउआया त्यामानाने लहान राहतो आणि टाकीत सर्वांत नीट रुळतो. मोठी टाकी आधीच चालू असेल तर या चौघांतला घेण्यासारखा एकच, टाटाउआया. स्कॉम्बेरॉइडिस स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

चिठ्ठी चुकलेली असेल तर कधी कधी आत पायाराही नसतो. अंग सुरीसारखं लांबट आणि पाठीवरचा पर पार मागे, गुदपरावर (पोटाखालच्या मागच्या परावर) आलेला दिसला तर तो राफिओडॉन, याच कुळातला भाऊबंद. लांब चोचीसारखं तोंड, बारीक टोकदार दातांची रांग आणि दोन मोठे सुळे नाहीत, तर तो ॲसेस्ट्रोऱ्हिंकस, म्हणजे गोड्या पाण्यातला बॅराकुडा. तोंड मिटलेलं असतानाही बाहेरून एकमेकांत अडकणारे दात आणि अंगावर आडवे काळसर पट्टे असतील तर तो आफ्रिकेतला टायगरफिश. पायाराचं तोंड मिटलं की खालचे सुळे वरच्या जबड्यातल्या दोन खोबणींत जाऊन बसतात.

दुकानात मासा बघताना चार गोष्टी तपासा. पाठीची कड धारदार, आत गेलेली दिसली तर तो उपाशी आहे आणि बहुधा सावरणार नाही. नाकाचा शेंडा लाल किंवा सोललेला असेल तर तो काचेवर आपटतो आहे. डोळ्यावर ढगाळ पडदा नको. आणि आपल्यासमोर खायला घालायला सांगा. सुळा तुटलेला असेल तर मात्र मागे हटू नका, तो पुन्हा येतो.

आता टाकी. पिल्लू सहा महिने चार फुटांत ठेवता येईल, पण ‘पुढे बघू’ म्हणून घेऊ नका. टाटाउआयासाठी निदान 8 फूट लांब, 3 फूट रुंद, अडीच फूट उंच टाकी धरा. लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची, कारण सरळ वेगात जाणाऱ्या या माशाला वळायला जागा लागते. दीड फूट रुंदीत तो प्रत्येक वळणाला काचेला नाक घासतो. या मापात पाणी भरतं साधारण 1,700 लिटर, म्हणजे नुसतं पाणीच 1.7 टन. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो आणि इथे काच, स्टँड, वाळू न धरता साडेसातशेच्या वर भार येतो. तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ही टाकी बसवू नका. आर्मॅटससाठी हीसुद्धा अपुरी. त्याला घरात सिमेंटचा हौद बांधू शकणाऱ्यांनीच हात लावावा.

पायारा हा धबधब्याखालच्या खळाळत्या पाण्यातला मासा आहे. शांत टाकीत तो जगतो, पण झिजत जातो. संपमधून (टाकीखालच्या गाळणीच्या जोडटाकीतून) टाकीत परत येणारा प्रवाह तासाला सहा ते आठ पट ठेवा, म्हणजे इथे साधारण 10,200 ते 13,600 लिटर, आणि शिवाय एका टोकाला दोन वेव्हमेकर (पाण्याला ओघ देणारे पंप), दोन्ही एकाच दिशेला तोंड करून. समोरासमोर लावले तर मध्ये नुसता गोंधळ होतो, माशाला तोंड देऊन उभं राहता येईल असा ओघ मिळत नाही. दगड आणि लाकडं दोन्ही टोकांना, मधला भाग मोकळा. पाणी 25 ते 28 अंश, पीएच 6 ते 7.5, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या (लिटरला 20 मिलिग्रॅमच्या) आत. दर आठवड्याला 40 टक्के पाणी बदला. बोअरचं पाणी जड असेल तर आरओचं पाणी मिसळा, पण महिनाभरात हळूहळू.

आपल्याकडे याचा खरा घात होतो एप्रिल-मे महिन्यांत. पाणी 31-32 अंशांवर गेलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, त्याच वेळी माशाची गरज वाढते, आणि नेमकी वीज जाते. वेव्हमेकर बंद, संप बंद. अशा वेळी तळाचे कॅटफिश टिकतात आणि पायारा पहिला जातो. म्हणून पाणी गार करणारा चिलर असो वा नसो, बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप या माशासाठी पहिल्या दिवसापासून हवा, त्याला पर्याय नाही. इन्व्हर्टर असेल तर निदान एक वेव्हमेकर त्यावर घ्या.

उजेडाचंही तसंच. अंधाऱ्या खोलीत टाकीचा दिवा एकदम लागला की मासा तीरासारखा सुटतो आणि समोरच्या काचेवर आपटतो. आवाज ऐकू येतो. सुळा तुटतो, जबड्याचं टोक फाटतं, तिथे पांढरी बुरशी धरते आणि मासा खाणं सोडतो. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टाकीतला. मंद, उबदार उजेड ठेवा. मागची आणि बाजूची एक काच काळ्या कागदाने झाका. वरचं झाकण जड आणि पूर्ण बंद हवं, पाइप जातो तिथली फटसुद्धा.

खाण्याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त चुकतात. जिवंत मासा टाकला की पायारा कसा झेपावतो ते बघायला मजा येते, म्हणून रोज गोल्डफिश नाहीतर रोहू-कटल्याची बोटुकली टाकली जाते. कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं. ते ‘ब1’ जीवनसत्त्व मोडतं. काही महिन्यांनी मासा तोल सोडून गोल गोल फिरायला लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. गोठवून थायमिनेज जात नाही, हे लक्षात ठेवा. अँकोव्हीच्या जातीच्या माशांतही ते आढळतं, म्हणून घरात आलेली मांदेली रोज देऊ नका. शिवाय बाजारातल्या चाऱ्याच्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो तो वेगळाच.

सुरुवात गप्पी किंवा मॉलीवर करा, तीही वेगळ्या टाकीत तीन आठवडे ठेवून मगच. मासा रुळला की चिलापीच्या (तिलापियाच्या) काटे काढलेल्या मांसाच्या करंगळीएवढ्या लांबट पट्ट्या कापा. तुकडा चौकोनी नको, लांबट हवा, कारण पायारा आडवा भोसकतो आणि मग डोक्याकडून गिळतो. पट्टी थेट वेव्हमेकरच्या धारेत सोडा, म्हणजे ती माशासारखी थरथरत जाते. तळाला पडलेला तुकडा तो सहसा उचलत नाही. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. आठवडाभर दाद दिली नाही तर एक गप्पी देऊन पुन्हा प्रयत्न करा. सोललेली कोळंबी आलटूनपालटून चालेल, आठवड्यातून एकदा पट्टीवर जीवनसत्त्वाचे थेंब. सहा इंचांपर्यंत रोज, पुढे दिवसाआड, फुटाच्या वर आठवड्यातून तीनदा. कोंबडी-बोकडाचं मांस नको, ती चरबी माशाला पचत नाही.

सोबतीला काय ठेवायचं? पायारा स्वतःच्या निम्म्या लांबीपर्यंतचा मासा गिळू शकतो, आणि गिळता आला नाही तरी भोसकून ठेवतो. म्हणून सोबती त्याच्याइतके मोठे आणि जाड अंगाचे हवेत: मोठा प्लेको (काचेला चिकटणारा कॅटफिश), मोठे काटेरी कॅटफिश, शांत स्वभावाचा पीकॉक बास. दोन पायारे एकत्र ठेवू नका, दुबळ्याला दुसरा सतत हाकलतो. ठेवायचेच तर पाच-सहा, आणि मग टाकीही त्याच हिशेबाने. मारकुटे सिक्लिड अजिबात नकोत.

मासा हलवताना जाळी वापरू नका. सुळे जाळीत अडकतात, सोडवताना जबडा निखळतो. मोठा प्लास्टिकचा टब पाण्यात बुडवून मासा आत वळवा आणि पाण्यासकट उचला. पिशवीतून आणायचा तर तिहेरी पिशवी, दोन थरांमध्ये वर्तमानपत्र. फुटापेक्षा मोठा असेल तर पिशवी नकोच, झाकणाचा डबा आणि बॅटरीचा एअर पंप. औषधांना हा मासा नाजूक आहे. तांबं आणि मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं बाटलीवरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा, आणि त्या काळात हवा वाढवा.

चार फुटांची टाकी असेल आणि मन शिकारी माशावरच असेल, तर ॲसेस्ट्रोऱ्हिंकस किंवा हुजेटा गार घ्या. दोन्ही फुटाच्या आसपास थांबतात. तशी डौलदार शिकार तेवढ्या टाकीतही बघायला मिळते, आणि हुजेटा तर पाण्याच्या वरच्या थरात तासन्‌तास स्थिर राहून एकाच झटक्यात झडप घालतो. हातातला पायारा जड झाला असेल तर तो दुकानाला किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्या. तलावात किंवा नदीत सोडू नका. 2023 साली श्रीनगरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला, तो काही तिथे पोहत आलेला नव्हता.