गोठलेला हँडब्रेक सोडवणारी रोडसाइड सर्व्हिस, एकदम भारी काम
पारा शून्याखाली गेला की हँडब्रेकचा लिव्हर खाली येतो पण मागचं चाक काही हलेचना, तेव्हा यांना बोलावलं. यायला जरा उशीर झाला, पण माणूस खरंच जाणकार. रेस देऊन जबरदस्ती अजिबात नाही, गाडी हलकेच पुढे-मागे केली, मग चाक काढून त्यामागच्या ब्रेकच्या ड्रमवर रबरी हातोडीने टकटक केलं आणि आतून चिकटलेले ब्रेक शू (ड्रमला घासून चाक थांबवणारे भाग) कट्कन सुटले. केबलचं कव्हर फाटलंय, तिथून पाणी शिरून बर्फ होतो हे बोट लावून दाखवलं. गरम पाणी ओतू नका म्हणाला, तेच परत गोठतं. अशा थंडीत सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली ठोकळा लावायचा, हँडब्रेक ओढायचाच नाही. बिनधास्त बोलवा यांना.